रुमालाखाली

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, रात्रीचे साडेअकरा.
उद्या शकूच्या सासरचे येणार ओतूरहून, नऊ माणसं,
आणि आमच्या घरात झोपायला जागा
चौघांची. तीही कुशीवर.

ओट्यावर लॅपटॉप, शेजारी भिजलेले वाल,
मी बोली लावते आहे.
वाशी-तुर्भे परिसर. तीन तारे. नाव गुप्त.
तुमचा आकडा सांगा, पटला तर खोली तुमची.
हॉटेल कुठलं, ते पैसे कापल्यावर कळेल.
दर्शनी भाव बत्तीसशे.
मी टाकते अकराशे.
क्षमस्व.
बाराशे. क्षमस्व.
क्षमस्व म्हणायला त्याला अर्धा सेकंद लागतो.

नाना मागे उभे, बनियनवर, चष्मा कपाळावर.
चौतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटच्या एकाच गाळ्यात
शेठच्या वतीने ते भाव बोटांनी बोलले.
"समोर कोण आहे?"
कोणी नाही नाना, यंत्र.
"मग हात कुठे धरायचा?"

त्यांनी खिशातला रुमाल माझ्या हातावर टाकला.
हे बोट शंभर. पंजा पाचशे.
अंगठ्याचं पेर दाबलं की पन्नास.
तोंडाने मात्र दुसरंच बोलायचं,
पोरगी कितवीत, गुडघा कसा आहे,
भोवती चार जण कान लावून असतात.
"भाव बोटात असतो," म्हणाले, "गरज तळव्यात."

एकदा मंचरचा एक अडत्या आला होता.
हात हातात घेतला तर तवा.
तोंडाने म्हणतोय, यंदा लसूण बरा आहे.
"मी तीन बोटांवर आलेलो. चौथं दाबलं."
का?
"का काय? हात पोळत होता."
आणि शेठ?
"शेठने पगारातून कापले."
हे आईला ठाऊक होतं का, मी विचारलं नाही.

साडेचौदाशे. पडदा क्षणभर पांढरा.
अभिनंदन.
तीन खोल्या, कर वेगळा, पैसे परत नाहीत.
त्याच झपाट्यात सात आसनी गाडी, दोन दिवसांसाठी,
निम्म्याहून खाली; रंग सांगता येणार नाही म्हणे.
मग नाव उघडलं: हॉटेल मेघदीप,
तुर्भे, मार्केटच्या भिंतीला लागून.
नाना इतके हसले की खोकला आला.
"अगं, तिथे रात्री दोनला कांद्याच्या गाड्या लागतात.
खिडकी लावली तरी हॉर्न उशाशी.
यंत्र काही खुळं नाही."

गाडी निघाली शेवाळी,
आणि आत कुणीतरी बोंबील नेलेले.
व्याह्यांनी काचा खाली केल्या, बोलले काहीच नाहीत,
विहीणबाई म्हणाल्या, पाम बीच रोडचा वारा छान.

काउंटरवर एक मुलगा, छातीवर पट्टी: दिगंबर.
कालच्या रात्रीचाही तोच, आजच्याही,
जोडीदार आला नाही म्हणाला.
"मॅडम, या दरात नाश्ता नाही."
सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.
तीन खोल्यांची कार्डं त्याने नानांच्या हातात दिली,
आणि नानांनी कार्डांसकट तो हात धरला.
नोंदवहीच्या कडेखाली, मला नीट दिसला नाही.
तोंडाने विचारत होते,
गाव कुठलं रे तुझं, घरी कोण कोण असतं?

बाहेर रस्त्यावर आले तेव्हा एक ट्रक मागे येत होता,
क्लीनर थापा मारत होता, येऊ दे, येऊ दे.
"किती वाचवलेस म्हणालीस?"
मी ऐटीत सांगितलं, पाच हजार दोनशे पन्नास.
"हं," म्हणाले.
पाच पावलं चालून थांबले.
रुमाल आत विसरला म्हणाले,
आणि जिना चढून परत गेले.

रुमाल त्यांच्या खिशातच होता,
एक कोपरा बाहेर आलेला.